पाला कडू लागला

बऱ्हाणपुरात लोक मला सापडॉक्टर म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. सरकारी दवाखान्यात मी हाताखालचा डॉक्टर होतो. सकाळभर खरूज, हिवताप, नारू आणि डोळे आलेली पोरं बघायची, आणि दुपारी दवाखान्यामागच्या पडक्या तबेल्यात जाऊन साप बघायचे. तबेला मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबाकडून मागून घेतला होता. तिथं जाळी लावलेल्या लाकडी पेट्यांत नाग असत, घोणस असे, कधी मण्यार, आणि सगळ्यांत जास्त फुरशी. शेजारच्या आळीतल्या विणकरांनी माझ्याविरुद्ध अर्ज केला होता, की साप सुटून मागाच्या खड्ड्यात येतील. एकही कधी सुटला नाही. पण आळीत कुठंही साप निघाला की तो माझाच ठरायचा, आणि त्याला मारणारा माणूस काठी घेऊन माझ्याशीच भांडायला यायचा.

माझं लग्नही या पेट्यांनीच मोडलं, आणि एकदा नाही. मुलीकडची मंडळी लालबागला, म्हणजे आमच्या स्टेशनवर, गाडीतून उतरत, टांगेवाल्याला आमच्या घराचा पत्ता सांगत, आणि वाटेत टांगेवाला जे काही बोले ते ऐकून आमच्या बैठकीत अर्धा पेला पाणी पिऊन परत जात. आईनं काही वर्षं नेटानं खटपट केली आणि मग नाद सोडला. वडील शाळामास्तर होते, ते लवकर गेले. माझी थोरली बहीण बहादरपूरला दिली होती, कापसाच्या शेतकऱ्याच्या घरी. तिला मी अक्का म्हणायचो. माझ्या सापांना हसणारी तेवढी एकटीच होती. बाकी सगळे एक तर भ्यायचे, नाही तर नाक मुरडायचे.

हे सगळं कशासाठी केलंत, असं आता पुष्कळ जण विचारतात. निवृत्त माणसाला काहीही विचारायची लोकांना मुभा असते. मी सांगतो की कडुलिंबासाठी केलं, आणि ते समजल्यासारखी मान हलवतात.

आमच्या निमाडात साप चावला की माणसाला आधी भिलटबाबाच्या ओट्यावर नेतात. सापांचा हा देव गावोगावी आहे. तिथं चावलेल्याला कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष अंगात नाही. गोड लागला, किंवा काहीच लागला नाही, तर विष चढलेलं आहे. कडू लागला की दंडाला काळा धागा बांधायचा, माणसानं आपल्या पायांनी ओट्याला प्रदक्षिणा घालायच्या, आणि पुढं धागा सुटेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर उतरलेलं विष पुन्हा जागं होतं म्हणतात. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो आणि त्यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर झाल्यावर वाटायला लागलं. नाग चावला की माणसाची जीभ जड होते, पापण्या मिटत येतात, थुंकी गिळता येत नाही. अशा माणसाला पाला कडू लागत नसेल तर नवल नाही. ही परीक्षा ज्यानं कुणी काढली त्यानं नाग चावलेलीच माणसं पाहिली असणार. फुरशाची गोष्ट वेगळी आहे. ते वीतभर तर असतं, दगडाखाली नाही तर पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडाच्या, बुडाशी बसतं, आणि छेडलं की अंगाला अंग घासून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज करतं. ते जिभेला काही करत नाही. ते रक्त बिघडवतं. चावलेला माणूस पाला चावतो, तोंड वाकडं करतो, थू थू करतो, आणि सगळे खूश होतात. मग हळूहळू हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, आणि काही जण त्यातून उठत नाहीत.

अधूनमधून माझ्या हाती लागलेल्या फुरसं चावलेल्यांचं रक्त मी काचेच्या नळीत घेऊन ठेवून पाहू लागलो. चांगल्या माणसाचं रक्त थोड्या वेळात थिजतं, नळी उलटी केली तरी सांडत नाही. यांचं पाण्यासारखं हलत राहायचं. पाला खणखणीत कडू लागलेल्या माणसाचंसुद्धा. मला त्या दिवसांत फार आनंद झाला होता, हे आता सांगायची लाज वाटते. आपल्याला काहीतरी सापडलं, आता सगळं ठीक होईल, असं तरुण माणसाला वाटतं तसं मला वाटलं.

दूर उत्तरेत डोंगरावर सरकारची मोठी प्रयोगशाळा होती. तिथं घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून लस काढत. ती लस नागावर आणि घोणशीवर चाले. थोड्या बाटल्या आमच्या दवाखान्यालाही मिळत, आणि त्यांनी मी माणसं वाचवली आहेत. फुरशावर ती लस कुचकामी होती. मी लिहिलं की आमच्याकडे फुरसंच जास्त चावतं, घोड्यांना त्याचंही विष टोचा, विष मी पाठवतो. उत्तर आलं की विष अवश्य पाठवावं, पण फुरशानं माणसं मरतात असं नोंदींत दिसत नाही. पाल्याबद्दल मी जे लिहिलं होतं त्याचा उल्लेख त्यांनी लोकभ्रम म्हणून एका ओळीत संपवला.

नोंदींत कसं दिसणार? पाला कडू लागला म्हणजे विषच नाही. मग आठवड्यानं माणूस गेला तर तो सापानं कसा जाईल? मेलेल्यांची वर्दी देणारा गावचा कोटवार ठाण्यावर जाऊन ताप म्हणून सांगायचा, नाही तर रक्ती आव. एका पाल्यानं मरणारे लपवले, आणि ते लपले म्हणून लस होईना. हा फेरा मला स्वच्छ दिसत होता आणि माझ्याशिवाय कुणालाच त्याचं काही पडलं नव्हतं. साहेब गोरे होते, मला बरे वागवायचे, पण फुरशाचं नाव काढलं की घड्याळ बघायचे.

तेव्हा माझं मागणं एवढंच होतं, की फुरसं चावलेला माणूस पाला कडू लागला तरी माझ्याकडे यावा. तो माझ्या खाटेवर असला की मी त्याचं रक्त दाखवू शकलो असतो, आणि तो गेला तर कशानं गेला ते मी लिहिलं असतं, कोटवारानं नव्हे. पुरेशी माणसं अशी लिहिली गेली की डोंगरावरच्यांना फुरशाची लस करावीच लागली असती. यासाठी मी बैलगाडीनं गावं पालथी घातली. डोईफोडियाला पारावर बसून बोललो. लोकांनी निमूट ऐकलं, शेंगा खायला दिल्या, आणि मी उठल्यावर एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "याले देवाशी काही वैर हाये काय?" तिथून एकही माणूस कधी आला नाही.

साप चावलेले येत ते एकट्या बहादरपूरहून, आणि तेही अक्कामुळे. तिथला भिलटबाबाचा ओटा तिच्या सासरच्यांकडे होता. पाला द्यायचा मान तिच्या नवऱ्याचा. आमच्या दाजींचा. माणूस सरळ होता, दोन वेळचं आपलं काम करून लोकांच्या अडीअडचणीला उभा राहणारा. ओट्यावर बसायचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. माझी त्यांच्याशी जेवताना नेहमी जुंपायची. अखेर अक्कानं आमच्यात तोड काढली. पाला गोड लागला तर दाजींनी स्वतः गाडी जुंपून माणूस माझ्याकडे आणायचा. देवानं सांगितलं की आता डॉक्टरकडे ने, असं लोकांना सांगायचं. दाजींनी ते मान्य केलं आणि शब्द पाळला. बहादरपूरचे नाग चावलेले लोक वेळेवर यायचे, लस टोचून घ्यायचे आणि परत जाऊन आधी ओट्यावर नारळ फोडायचे. माझ्या नावानं कुणी फोडला नाही, पण ते जाऊ द्या.

"कडू लागलेलेही आणा," मी दाजींना म्हणायचो.

"कडू लागला मतलब देवानं जिम्मा घेतला," ते म्हणायचे. "मंग मी त्याले तुमच्याकडे धाडला तर मी देवाच्या वर झालो का नाही, तुम्हीच सांगा."

"तुम्ही दोघं आधी जेवा," अक्का म्हणायची. "भाऊ, तुझी ती नळी ठेव बाजूला. भाकरी गार होते."

त्या वर्षी कापूस जोरात होता. वेचणीचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी दुपारी दाजी आमच्या घरी आले, हातात गूळखोबऱ्याचा पुडा घेऊन. आईला नमस्कार केला, पुडा तिच्या हातात दिला, आणि ओसरीवर पाय सैल सोडून बसले. मी विचारलं, कशाचा प्रसाद?

"कोन्ही सांगितलं नाही का? तुमच्या बहिणीले किडूक लागलं व्हतं. पऱ्हाटीत, बोटाले. पण फिकर नका करू. पाला कडू लागला. एकदम कडू. माझ्या हातानं दिला, तर माझ्याच अंगावर थुकली ती." आणि ते हसले.

मी विचारलं, कोणतं होतं?

"लहानसंच व्हतं. फुरसं."

कधी, म्हणून विचारलं तर म्हणाले, झाले की दोन-तीन दिवस. आता कशी आहे विचारलं तर म्हणाले, चांगली आहे, फक्त हिरड्यांतून जरा रगत येऊन राह्यलं, ते उष्णतेनं. अन् लाल जातं म्हणत होती. हे शेवटचं त्यांनी आईकडे न बघता, आवाज खाली घेऊन सांगितलं.

मी त्यांना काय बोललो ते आठवत नाही. आई म्हणायची की मी प्रसादाचा पुडा तिच्या हातातून घेऊन अंगणात फेकला. तसं केलं असेल. टांगा केला आणि दाजींना सोबत बसवून बहादरपूरला गेलो. सबंध वाट ते मला समजावत होते.

अक्का चुलीपुढं बसली होती. बघायला येणाऱ्या बायांसाठी चहा टाकत होती. डावा हात कोपरापर्यंत सुजून चकाकत होता, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, पण त्या वाढवायला ती तयार नव्हती. दंडाला काळा धागा. मला बघून म्हणाली, "आला का पळत? दाजींना मी सांगितलं होतं, भाऊला एवढ्यात कळवू नका, तो उगीच घाबरेल."

मी तिला खाटेवर निजवलं, बायांना घालवलं, आणि रक्त घेऊन नळी कोनाड्यात ठेवली. आम्ही तिघं नळीकडे बघत बसलो. ती नळी मी इतक्यांदा पाहिली होती की काय दिसणार ते मला माहीत होतं. तरी मी बघत राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं खोटं ठरावं असं मला वाटत होतं. मग नळी तिरपी केली. रक्त इकडून तिकडे गेलं.

"काय म्हणते नळी?" अक्कानं विचारलं.

मी म्हणालो, बऱ्हाणपूरला चल. दवाखान्यात ठेवतो.

ती दाजींकडे बघायला लागली. दाजी खाली बघत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, पण बोलली ती.

"धागा सुटू दे," ती म्हणाली. "ओटा यांचा. पाला यांनी दिला. कडू लागला असं मीच सगळ्यांसमोर सांगितलं. आता मीच शीव ओलांडून गेले तर पाल्यावर कोण विश्वास ठेवील? अन् पाल्यावर नाही ठेवला, तर गोड लागलेले तरी तुझ्याकडे कशाला येतील? ते पाल्याच्या सांगण्यावरूनच येतात ना?"

  इतकी वर्षं मी ज्या लोकांना अडाणी म्हणत फिरलो, त्यांच्यातली ही माझी बहीण, माझ्याच कामाची काळजी करत होती आणि त्यापायी मरायला बसली होती. मला तिचा भयंकर राग आला. मी तिथंच राहिलो. कॅल्शियमच्या पुड्या दिल्या, हात उशीवर उंच ठेवला, उठू दिलं नाही. यापलीकडे माझ्या बॅगेत काही नव्हतं. नागाची लस होती. ती मी उगीच दोनदा हातात घेऊन पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. मग बोलणं अडखळलं. कापसाची गाडी दारात आली, तर ती हमालांना उजवीकडं रचा म्हणून सांगायला गेली आणि शब्द फुटेना. दिवे लागायच्या आत ती गेली. कोटवार आला तेव्हा मी दारात उभा राहून त्याला फुरसं म्हणून सांगितलं. तो दाजींकडे बघत होता. दाजींनी मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं मानलं.

ही हकिकत मी डोंगरावर कळवली. नळी, सूज, धागा, सगळं. उत्तरात त्यांनी माझ्या दुःखाबद्दल सहानुभूती दाखवली होती, एका रोग्यावरून निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलं होतं, आणि वाळवलेलं विष आणखी मागवलं होतं. मी पाठवलं. पुढं फुरशावरही लस निघाली, पण तोवर माझे केस पिकले होते.

अक्काच्या तेराव्याला जेवणं आटोपल्यावर दाजी मला गोठ्यामागं घेऊन गेले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्या दिवसांत त्यांनी पाल्याला हात लावला नव्हता.

"एक विचारू?" ते म्हणाले. "खरं सांगा, बिल्कुल खरं. चावली त्याच घडीले मी तिले तुमच्याकडे आणली असती, तर तुमच्याजवळ औषध व्हतं का?"

मला त्यांच्यावर राग होता. होतं म्हणालो असतो तर हा माणूस उरलेला जन्म स्वतःला खात बसला असता, हे मला दिसत होतं. तेवढा राग मला नव्हता.

"नव्हतं," मी म्हणालो. "पण तिला चालू दिलं नसतं, निजवून ठेवलं असतं, तर कदाचित..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. ते तिथंच गव्हाणीला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडत होते. "बस," ते म्हणत होते. "बस, भाऊ. तुम्ही माझ्या डोक्यावरचा पहाड उतरवला." मलाही रडू आलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आपण निदान एक गोष्ट बरी केली असं मला त्या वेळी वाटलं.

दाजी ओट्यावर पुन्हा बसू लागले. लोकांनी त्यांना दोष द्यायला सुरुवात केली होती, की बायकोला कडू लागलेला पाला खोटा कसा ठरला. ते सांगत, डॉक्टरकडे नेली असती तरी काही झालं नसतं, त्यांनी स्वतःच कबूल केलं, त्यांच्याजवळ औषध नाही. हे ते खोटं सांगत नव्हते. ऐकणाऱ्यांनी दुसऱ्याला सांगताना फुरसं गाळलं एवढंच. सख्ख्या बहिणीला वाचवता आलं नाही तो डॉक्टर, हे वाक्य मी भाजीबाजारात माझ्या पाठीमागं ऐकलं.

पुढच्या पावसाळ्यात बहादरपूरहून कुणी आलं नाही. मला वाटलं, या वर्षी साप कमी निघाले असतील. मग एकदा जिनिंगच्या रस्त्यावर दाजी भेटले. बोलता बोलता म्हणाले की त्यांच्या शेजारची सून गेली, गवत कापताना नाग चावला. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं.

मी विचारलं, पाला दिला होता?

"दिला ना."

"कसा लागला?"

"गोड म्हणाली. मंग बोलताच येईना तिले."

"मग गाडी का नाही जुंपली, दाजी?"

 त्यांच्या तोंडावर कसलाही डाव नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून ते शब्द जपून बोलले.

"तुम्हाले कशाले त्रास द्यायचा, भाऊ," ते म्हणाले. "तुमच्याजवळ औषध नाही, हे आता आम्हाले माहीत हाये."

मी त्यांना सांगणार होतो की नागाचं औषध आहे, कपाटात भरलेल्या बाटल्या आहेत, त्याच औषधानं तुमच्या गावची माणसं वाचली, ती तुम्हीच गाडीतून आणली होती. सांगितलंही. ते मान हलवत राहिले, माझी समजूत काढल्यासारखी, आणि मग बैलांना पाणी दाखवायचं आहे म्हणून निघून गेले.